चौदा नंबरचे कपडे

सोमवार, ३ फेब्रुवारी

लेकीने ही वही आणून दिली आणि म्हणाली, "आई, रेडिओला फोन करायच्या आधी इथे लिहून काढत जा. निम्मी वाफ वहीत गेली तरी पुष्कळ." ती नगरपालिकेत सभांची इतिवृत्तं लिहिते. तीन तासांचं बोलणं दीड पानात बसवायचं तिला वळण पडलंय, म्हणून आईलाही बसवू बघते.

गेल्या सोमवारचं तिला फार लागलं. दर सोमवारी सकाळी दहाला रेडिओवर 'बोला, ऐकतोय' लागतं. कोणीही फोन करावा आणि राजकारण, कारभार, फुटबॉल, ज्यावर वाटेल त्यावर बोलावं. मी तिथे 'परखड मावशी' या नावाने बोलते. गेल्या खेपेला म्हटलं की प्रत्येक नगरसेवकाने महिन्यातून एकदा स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत, म्हणजे मळ कुठे साठतो ते कळेल. तिथून मी बसच्या वेळांवर गेले, बसवरून कचऱ्यावर, कचऱ्यावरून आमच्या क्लबच्या बचावफळीवर. निवेदकाने मधेच गाणं लावलं. लेक म्हणते, कचेरीत सगळे पोट धरून हसले. हसेनात का. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं नसतं. मी विचार करूनच बोलते. फक्त विचार आणि बोलणं एकाच वेळी चालतं.

बाकी परखड मावशी कोण हे गुपित आहे. आज एक गिऱ्हाईक चादरी टाकायला आलं आणि म्हणालं, "काय परखड मावशी, डाग निघेल ना?"

रविवार, ९ फेब्रुवारी

क्लब काल हरला, तीन-शून्य. मॅच मी बघत नाही. मैदान इथून दहा मिनिटांवर, पण शनिवार म्हणजे लाँड्रीचा घाईचा दिवस, आणि हे गेले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून दोन्ही मशीनं आणि इस्त्री मीच बघते. पण क्लबचे कपडे माझ्याकडे धुवायला येतात. रविवारी मॅचचे, बुधवारी सरावाचे. मला मॅच त्यातून दिसते. चिखल आधी वाळू द्यायचा, मग ब्रशने झाडायचा, मग गार पाण्यात भिजवायचं. ओल्या चिखलाला गरम पाणी दाखवलं की डाग जन्माचा बसतो. या झाडण्यातच सगळं कळतं. डाव्या मांडीवर हिरवा पट्टा असला तर गडी घसरून चेंडू काढतो. पाठीला माती असली तर कोणीतरी ढकललाय. आणि आमचा तो वाजतगाजत आणलेला नऊ नंबर, त्याची चड्डी अशी आली की न धुता घडी घालून परत पाठवली असती तरी चाललं असतं. प्रशिक्षक म्हणे पेपरात म्हणाले, मैदान खराब होतं. नाचता येईना अंगण वाकडं!

कपडे घेऊन येतात ते मैदानाचे माळी. मैदान नगरपालिकेचं, खेळतो क्लब, आणि गवत राखायला हे एकटेच, सव्वीस वर्षं. मी त्यांना गवतराव म्हणते. ते नुसते हसतात. बोलणं बेताचं. त्यांच्या हातगाडीवर सहा पिशव्या आरामात मावतात, पण हे तीन आणतात, उतरवतात, पाणी पितात, परत जातात, आणि उरलेल्या तीन घेऊन येतात. पुन्हा पाणी पितात. मी विचारलं, "एका फेरीत का नाही आणत?" म्हणाले, "गाडीला ओझं होतं." गाडी चांगली धडधाकट आहे. सरकारी कामाचा वेळ जातो कुठे, तर असा. यावर एकदा बोलायला हवं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज एक शोध लागला.

गेले तीन आठवडे सरावाच्या कपड्यांत चौदा नंबरचा जोड येतो. शर्ट आणि लांब पँट. अख्ख्या क्लबात इतके मळलेले कपडे कोणाचे नसतात. दोन्ही गुडघे काळे-हिरवे, कोपरांना माती, पाठ घामाने कडक. खिशात चक्क गवताचं बी सापडलं. म्हणजे पोरगा पडतो तेव्हा इतक्या जोरात पडतो की गवत मुळासकट वर येतं! आणि रविवारच्या मॅचच्या कपड्यांत मात्र चौदा नंबर नाही. याचा अर्थ सरळ आहे. सरावात जीव तोडून खेळणाऱ्याला मॅचला बसवून ठेवतात, आणि इस्त्री न मोडणाऱ्याला खेळवतात. नगरपालिकेतही हेच चालतं.

पँटचा डावा गुडघा फाटला होता. मी नुसता शिवला नाही, दोन्ही गुडघ्यांना आतून जुन्या घोंगडीचं अस्तर लावलं, मऊ बाजू आत. अशा पोरासाठी कोणीतरी एवढं करायला हवं.

गवतरावांना विचारलं, "तो चौदा नंबर कसा आहे हो?"

त्यांनी पेल्यात बघितलं. "बरा आहे."

"मेहनती?"

"करतो जमेल तेवढी."

"वय काय असेल?"

"दिसतो त्यापेक्षा जास्त," म्हणाले, आणि पेला विसळून पालथा घालून गेले. लाजाळू माणूस. दुसऱ्याबद्दल बोलतानाही कानापर्यंत लाल होतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज माझा दिवस होता. निवेदकाने गाणं लावलं नाही.

मी नऊ नंबरच्या चड्डीपासून सुरुवात केली आणि चौदा नंबरवर आले. निवेदक म्हणाला, "पण मावशी, क्लबच्या यादीत चौदा नंबरच नाही. होता तो जानेवारीत दुसऱ्या क्लबात गेला."

म्हटलं, "यादीत नाही आणि धुण्यात आहे. आता कशावर विश्वास ठेवायचा ते लोकांनी ठरवावं."

मग त्याने हळूच विचारलं, "म्हणजे क्लब कोणाला तरी लपवून ठेवतोय?" मी म्हटलं, मी काही म्हणत नाही, मी फक्त धुते. माझ्यानंतर सात फोन आले आणि सातही चौदा नंबरवर.

जाता जाता प्लॅस्टिकच्या गवतावरही बोलले. आताचे नगराध्यक्ष म्हणतात की मैदानावर प्लॅस्टिकचं गवत घालू. येत्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले नगरसेवक, म्हणजे होऊ घातलेले नगराध्यक्ष, म्हणतात की आम्हीही घालू, पण जास्त हिरवं घालू. या एका बाबतीत माझा दोघांनाही पाठिंबा आहे. चिखल नाही, पाणी नाही, साबण कमी, कपडे जास्त टिकतात. सार्वजनिक कारभार घरच्यासारखा करावा, तो असा. मी हे ठासून सांगितलं.

लेकीचा दुपारी फोन आला. "आई, तू सुतावरून स्वर्ग गाठतेस." म्हटलं, सूत माझ्या हातात आहे. ज्यांच्या हातात तेही नाही त्यांना सांग.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गवतराव पहिली फेरी करून पाणी पीत उभे राहिले. आज स्वतःहून बोलले.

"परवा ऐकलं रेडिओवर. गवत प्लॅस्टिकचं झालं तर पाणी कोण घालणार?"

"पाणी लागणारच नाही, गवतराव! तीच तर गंमत आहे."

"कापायचं?"

"कापायला नको, पेरायला नको, काही नको."

"हं," म्हणाले. पेला अर्धाच प्याले. समजावून सांगितलं की माणसाला पटतं. लोकांना माहिती नसते म्हणून ते घाबरतात.

रविवार, २३ फेब्रुवारी

शनिवारी एक-एक. नऊ नंबरची चड्डी आज चिखलाने माखून आली. मी ब्रश लावला आणि हसू आलं. ती माती मैदानातली नव्हतीच. लालसर, भुसभुशीत, खताचा वास. क्लबच्या दारात फुलझाडांच्या कुंड्या आहेत, तिथली. बसून थापली असावी.

गवतरावांनी सहाही पिशव्या एका फेरीत आणल्या. उतरवल्या आणि गेले. पाणी नको म्हणाले.

म्हणजे होतं एका फेरीत. मी म्हणत होतेच. माझं बोलणं मनावर घेतलं म्हणायचं. मग बरं वाटायला हवं होतं, ते का वाटलं नाही कोण जाणे. दुसरा पेला भरून ठेवला होता, तो संध्याकाळी तसाच ओतला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

गाव चौदा नंबरने वेडं झालंय. समोरच्या भिंतीवर कोणीतरी लिहिलंय, 'चौदाला बाहेर काढा'. केशकर्तनवाल्याने आरशावर मोठा १४ चिकटवलाय. क्लबने खुलासा काढला की असा खेळाडू अस्तित्वात नाही. त्याने तर लोकांची खात्रीच पटली.

निवडणूक महिन्यावर आलेली. होऊ घातलेले नगराध्यक्ष चौकात म्हणाले की मी निवडून आलो तर पहिल्या दिवशी चौदा नंबरला न्याय देईन. हे कळताच आताच्या नगराध्यक्षांनी संध्याकाळी त्याच चौकात सभा घेतली. मीही गेले होते, इस्त्री गार करून. छातीवर हात ठेवून म्हणाले, "चौदा नंबर कोणीही असो, तो या मैदानावरून हलणार नाही. हा माझा शब्द आहे!" टाळ्या थांबेनात म्हणून त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. लेक कोपऱ्यात उभी राहून लिहून घेत होती. नगराध्यक्षांच्या जाहीर भाषणांची नोंद ठेवायची असते म्हणे.

माझ्यासारख्या साध्या लाँड्रीवालीच्या मताने राजकारण हललं. खोटं कशाला लिहू, मी घरी येताना जरा छाती काढून चालले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

लेक जेवायच्या सुट्टीत दुकानात आली. बसली नाही. हातात प्लॅस्टिकच्या गवताचा प्रस्ताव होता. तेरा मार्चला सभेपुढे येणार.

"शेवटची ओळ वाच," म्हणाली.

मी चष्मा लावला. 'माळी, पदे एक. रद्द.'

"पद एक म्हणजे?"

"एक म्हणजे एक, आई. तो एकच माळी आहे तिथे. अजून चार वर्षांची नोकरी होती त्यांची."

मी म्हटलं, दुसरीकडे लावतील की. ती म्हणाली, रद्द म्हणजे रद्द, लावणं वेगळं. मग म्हणाली, "त्यांचा गणवेश दोन वर्षांपूर्वी बंद केला, तेव्हाही तू रेडिओवर वाहवा केली होतीस. माळ्याला गणवेश हवा कशाला, म्हणाली होतीस."

"मी?"

"मी सगळं लिहून ठेवते, आई. तुझंसुद्धा."

ती गेल्यावर मी अर्धा तास एकच शर्ट इस्त्री करत होते. माझ्यासमोर पेला हातात घेऊन ते माणूस विचारत होतं की पाणी कोण घालणार. आणि मी त्याला गंमत सांगत होते. तो प्रश्न पाण्याचा नव्हता, हे मला आठ दिवसांनी कळतंय. जगाच्या कारभारावर बोलते मी! माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुपारी दुकान बंद केलं आणि मैदानावर गेले. माफी मागायची होती. वाटेत चार वाक्यं पाठ केली.

दार उघडंच होतं. आत एवढं मोठं हिरवं असेल अशी मला कल्पना नव्हती. कपड्यांवरून अंदाज येतो, पण तो तुकड्यातुकड्यांनी. पलीकडच्या गोलपाशी कोणीतरी गुडघ्यांवर बसलेलं होतं, पाठमोरं, वाकून. पाठीवर १४.

माफी क्षणभर विसरले. हा तर तो! सगळे गेले तरी एकटा सराव करत बसलेला! मी धावत निघाले आणि हाक मारली, "अरे बाळा! ए चौदा नंबर! थांब रे!"

बाळाने मान वळवली. पांढऱ्या मिशा.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"मी," गवतराव म्हणाले. हातात खुरपं होतं.

"चौदा नंबर कुठाय?"

त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. "हाच. तो पोरगा जानेवारीत गेला, त्याचे कपडे पडून होते. माझा गणवेश बंद झालेला. क्लबातले म्हणाले, घाला. मळले की धुण्यात टाका."

मी तिथेच गवतावर बसले. त्या गवताच्या बिया. ते गुडघे. गोलपुढचं गवत पायांनी उखडतं, तिथे हे बोटाएवढी रोपं एकेक करून लावत होते, सकाळपासून. मोजली नाहीत मी, पण मागे लांबच लांब रांग होती.

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही इतकं चांगलं बोलत होतात त्याच्याबद्दल." खुरप्याची माती बोटाने पुसत म्हणाले, "म्हटलं, थोडं ऐकावं."

"आणि प्लॅस्टिकचं? तेव्हा तरी बोलायचं होतं!"

"तुमचं मत होतं ते. माणसाला मत असावं."

"चुलीत घाला माझं मत!" मी ओरडले, आणि मग मला रडू आलं, आणि पाठ केलेली चारही वाक्यं पाण्यात गेली. त्यांनी रुमाल शोधला, सापडला नाही. मग म्हणाले, "गुडघ्यांना आतून अस्तर लावलंत ना तुम्ही. सव्वीस वर्षांत माझ्या गुडघ्यांचा विचार कोणी केला नव्हता." मी म्हटलं, मी तो वीस वर्षांच्या पोराचा समजून केला. म्हणाले, "ते ठीक आहे. बसलं मलाच."

मग आम्ही दोघंही इतके हसलो की दारातून कोणीतरी डोकावून गेलं.

निघताना म्हणाले, हात लावून बघा. मी तळवा टेकवला. गार आणि ओलसर, आणि खालून किंचित वर ढकलणारं. यावर मी काहीच बोलले नाही.

रविवार, २ मार्च

उद्या रेडिओवर काय बोलायचं ते लिहायला बसले आणि एक ओळ जमेना. गाव हसणार. दोन्ही नगराध्यक्ष हसणार. लेक म्हणाली, "गप्प राहिलीस तरी चालेल आई, आठवड्याने लोक विसरतील." लोक विसरतील, पण तेरा तारीख विसरणार नाही.

गवतराव आज पुन्हा दोन फेऱ्यांत आले. मी काही विचारलं नाही. गाडीला ओझं होत असणार.

सोमवार, ३ मार्च

निवेदक म्हणाला, "या मावशी! आज कोणाचा नंबर?"

म्हटलं, "आज माझा."

माझा आवाज मलाच परका वाटत होता. म्हटलं, मी चुकले. चौदा नंबर हा खेळाडू नाही. ते आपल्या मैदानाचे माळी आहेत, वय वर्षं छप्पन्न. गणवेश बंद झाला म्हणून टाकलेला शर्ट घालतात, आणि गुडघे मळतात ते आपलं गवत लावून मळतात. गणवेश बंद झाला तेव्हा टाळ्या वाजवणारी मीच होते. प्लॅस्टिकच्या गवताला पाठिंबा देणारीही मीच. त्या मैदानात पाऊल न ठेवता दिला. त्या प्रस्तावात शेवटी एका माणसाची नोकरी खोडली आहे, तेही न वाचता पाठिंबा दिला. माझा पाठिंबा मी परत घेते. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, फक्त मळ कळतो, आणि या खेपेला तोही कळला नाही.

मग निवेदक हसायला लागला. वाईट नाही, सुटलेलं हसू. म्हणाला, "छप्पन्न वर्षांचा चौदा नंबर!" मग फोन सुरू झाले. पहिला म्हणाला, मावशी तोंडघशी पडली. दुसरा म्हणाला, पडली पण मैदानावर पडली. तिसरी एक बाई म्हणाली, माझा मुलगा रोज तिथे खेळतो, प्लॅस्टिकवर गुडघे सोलतात म्हणे. चौथ्याने विचारलं, मग आता चौदा नंबरला काढणार? आणि नगराध्यक्षांनी तर शब्द दिलाय!

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शप्पथ.

गुरुवार, १३ मार्च

सभागृहाच्या बाहेरपर्यंत माणसं. निम्म्यांच्या छातीवर कागद, कागदावर १४. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर लोक घरी जातील. उलट दुप्पट आले. केशकर्तनवाला दुकान बंद करून आलेला. लेकीने मला आत बसवताना कानात सांगितलं, "आई, एक शब्द नाही." मी दोन्ही ओठ आत घेतले आणि तसेच ठेवले. सगळ्यात अवघड काम मी आज केलं.

गवतराव आले नव्हते. पाण्याची वेळ होती.

आताचे नगराध्यक्ष प्रस्ताव वाचायला उठले. मागून कोणीतरी विचारलं, "साहेब, चौदा नंबर हलणार नाही म्हणाला होतात."

साहेब हसले. "अहो, तेव्हा मी खेळाडू समजून बोललो होतो."

होऊ घातलेले लगेच उठले. "मी तर माळीच समजून बोललो होतो!" सभागृह खदखदलं.

साहेबांनी लेकीकडे बघितलं. "माझं नेमकं वाक्य काय होतं?" त्यांना वाटलं असेल, ती सांभाळून घेईल. लेकीने वही उघडली आणि तिच्या त्या कोरड्या आवाजात वाचलं, "'चौदा नंबर कोणीही असो, तो या मैदानावरून हलणार नाही. हा माझा शब्द आहे.' टाळ्या."

"'कोणीही असो' असं म्हणालो मी?"

"दोनदा, साहेब."

माझी पोरगी! मला टाळी वाजवायची होती, पण एक शब्द नाही म्हणाली होती, आणि टाळी हाही माझ्या बाबतीत शब्दच.

मग काय, दोघांची चढाओढ लागली. एक म्हणाला, खरं गवत ही गावाची शान. दुसरा म्हणाला, माळी हा मैदानाचा कर्णधार. एकाने पद कायम ठेवायची सूचना मांडली, दुसऱ्याने गणवेश परत सुरू करायची. महिन्याभरापूर्वी हेच दोघं जास्त हिरवं प्लॅस्टिक कोण घालणार यावर भांडत होते. प्रस्ताव एकमताने मागे घेतला. हे दोघं एकमताने काही करतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी तशीच चालत मैदानावर गेले. ते नळी धरून उभे होते. म्हटलं, "राहिलात." त्यांनी नळी खाली ठेवली, तोंडावरून ओला हात फिरवला. पाणी एकाच जागी वाहत राहिलं. एरवी ते असं वाया जाऊ देत नाहीत.

सोमवार, १७ मार्च

आज मी फोन केला नाही. म्हटलं, आठवडाभर तोंडाला सुट्टी. रेडिओ लावून शर्ट घेतले इस्त्रीला. एक गिऱ्हाईक घड्या मोजत उभं होतं.

निवेदक म्हणाला, "आज एक नवा आवाज. बोला, कुठून बोलताय?"

"मैदानावरून."

इस्त्री मी उभी केली होती, हे बरं झालं.

"चौदा नंबर!" निवेदक ओरडला. "बोला ना, कशावर मत मांडायचंय? निवडणूक? नऊ नंबर?"

"मत नाही. विचारायचंय. परखड मावशींना."

"अहो, मग त्यांच्या दुकानात जाऊन विचारा की!"

"जातो. आठवड्यातून चारदा जातो," गवतराव म्हणाले. "पण तिथे माझी पाळी येत नाही."

गिऱ्हाईकाने घड्या सोडून माझ्याकडे बघितलं. मी कॉलर सरळ करत होते. ती सरळच होती.

"तर," ते म्हणाले, आणि थांबले, आणि घसा साफ केला, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. "येत्या रविवारी दुपारी त्या माझ्याकडे जेवायला येतील का? स्वयंपाक मी करतो. बरा करतो."

निवेदक म्हणाला, मावशी, ऐकत असाल तर लाईन मोकळी ठेवलीय, फोन करा. मी फोनकडे बघितलं. मग गिऱ्हाईकाला म्हटलं, "दुपारी या." त्याने वाद घातला नाही. कुलूप लावून निघाले.

ते गोलच्या मागे बाकावर बसले होते, फोन अजून हातातच. मला बघून उभे राहिले.

"उत्तर द्यायला आले," म्हटलं.

"सविस्तर?"

"नाही. येते मी रविवारी. एवढंच."

"फोनवर सांगितलं असतं तरी..."

"सगळ्या गावाला कशाला सांगायचं?"

"मी तर सगळ्या गावाला विचारलं," म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. या वेळी मीही झाले असणार, कारण गाल तापले होते आणि ऊन तेवढं नव्हतं.

घरी येऊन आरशात बघितलं. हे गेल्यापासून मी कोणाच्या घरी एकटी जेवायला गेलेली नाही. काय घालावं, काय न्यावं, कळत नाही. लेकीचा फोन आला. कचेरीतल्या सगळ्यांनी ऐकलं म्हणे, आताच्या नगराध्यक्षांनीसुद्धा, खुर्ची रेडिओजवळ ओढून. ती हसत होती आणि मधेच नाक ओढत होती.

मी तिला सांगितलं की रविवारी मी कमी बोलायचं ठरवलंय. ती म्हणाली, "आई, जमणार नाही तुला."

नाहीच जमणार. पण गवतराव गेली नऊ वर्षं माझं सगळं ऐकत आलेत, राजकारण, कारभार, फुटबॉल, चुकलेलं आणि बरोबर, सगळं, आणि तरी त्यांनी विचारलं.